कामाची चिठ्ठी

४ जुलै

आत्या,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं पुढच्या पत्रात. आज मी रागावले आहे आणि राग ताजा असतानाच लिहायला बसले आहे. तुला फोनवर ऐकू येत नाही. तुला ऐकू जाईल एवढं ओरडले, तर भिंतीपलीकडच्या शिवणकामवाल्या बाईला माझ्या बापाचा सगळा इतिहास पाठ होईल. म्हणून पत्र.

मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला. मला चांगले गुण पडले आहेत. आमच्या रक्ततपासणीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "अर्ज केलेस तर कुठे ना कुठे लागशीलच." अर्ज केलेस तर. इथेच सगळी मेख आहे. सात कॉलेजं, सात अर्ज, प्रत्येकाची फी वेगळी, आणि साधारण एका अर्जाची फी म्हणजे माझा आठ दिवसांचा पगार. ज्या मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात मी दिवसभर लोकांना सुया टोचते, त्याच्या कॉलेजची फी तर सगळ्यांच्या तिप्पट. मला तिथेच जायचं आहे. एकदा प्रवेश मिळाला की शिष्यवृत्ती आहे, कर्ज आहे, सगळं आहे. दारापर्यंत जायलाच काही नाही.

बाबांना फोन केला. म्हणाले, "एक पैसा देणार नाही. मला कोणी दिला होता? स्वतःच्या पायावर उभी राहा." मी तीन वर्षं स्वतःच्याच पायावर उभी आहे, आणि तेही दिवसाचे नऊ तास. पण ठीक आहे, नाही तर नाही. मी सातही कॉलेजांसाठीच्या प्रवेश कार्यालयात गेले. तिथे फीमाफीचा अर्ज मिळतो. त्यावर आईवडिलांचं उत्पन्न लिहून त्यांची सही लागते. आई नाही म्हटल्यावर वडिलांची. मी पुन्हा फोन केला. पैसे नकोत, नुसती सही द्या, म्हटलं. तर म्हणाले, "माझं उत्पन्न मी कोणाला दाखवत नाही," आणि फोन ठेवला.

खिडकीवरच्या बाईला मी सांगितलं की वडील देत नाहीत. ती चष्म्यावरून बघून म्हणाली, "देत नाहीत आणि देऊ शकत नाहीत, यात फरक आहे. आमची माफी दुसऱ्या प्रकारच्या लोकांसाठी आहे." म्हणजे माझा बाप खरोखर गरीब असता तर माझं भलं झालं असतं. भर बाजारात स्वतःच्या नावाच्या पाटीचं चष्म्याचं दुकान आहे, हीच माझी अडचण.

तू थोरली बहीण आहेस. लहानपणी त्यांचा कान धरला असशील. आता पुन्हा धर. मोठ्या हॉस्पिटलची मुदत पंधरा सप्टेंबर, बाकी सहांची तीस. फॉर्म सोबत पाठवते आहे. मला फक्त एक सही हवी आहे.

तुझी,
टिटवी

*

१३ जुलै

टिटवे,

तुझं हे नाव मी पाळण्यातच ठेवलं होतं, आणि बघ, किती योग्य ठेवलं. एवढंसं पाखरू आणि सगळं रान डोक्यावर.

गुण चांगले पडले हे वाचून मी शेजारणीला हाक मारून सांगितलं. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण चेहरा बरा होता.

आता तुझ्या बापाचं. मी त्याच्याकडे गेले, फॉर्म पुढ्यात ठेवला. त्याने वाचला, घडी घातली आणि माझ्या पिशवीत परत टाकला. मी बोलले, तो बोलला. तो सही करणार नाही. का, ते मला विचारू नकोस. त्याने मला शपथ घातली आहे आणि या वयात मी शपथा मोडायला लागले तर लोक म्हणतील म्हातारी चळली. मी शाळेच्या कचेरीत पस्तीस वर्षं दाखले लिहिले. पुष्कळ बाप पाहिले, काही नुसते अडून बसलेले, काही अडकलेले. एवढंच सांगते.

पाकिटात थोडे पैसे घातले आहेत. मोठ्या हॉस्पिटलची फी होईल एवढे आहेत. कुठून आले, कोणाचे, हे विचारायचं नाही. भरून टाक आणि गप्प मुलाखतींच्या तयारीला लाग. रागाने पोट भरत नाही, उलट भूक वाढते.

तुझी आत्या

*

२२ जुलै

आत्या,

पैसे परत पाठवते आहे. मोजून घे.

मी काय दूधखुळी आहे? "कोणाचे विचारू नकोस" असं कोण म्हणतं? ज्याला देताना दिसायचं नसतं, त्याचा निरोप्या म्हणतो. मला तोंडावर "एक पैसा देणार नाही" म्हणायचं आणि मागून बहिणीच्या पाकिटातून सरकवायचे. म्हणजे चारचौघांत आपली मिशी ताठ, आणि मुलीने आयुष्यभर न सांगता ओशाळं राहायचं. असले पैसे मला नकोत. द्यायचे तर उघड द्यावेत, नाही तर सही द्यावी. तू त्या पैशांतून कानाचं मशीन घे. निदान त्यांची कारणं तरी तुला नीट ऐकू येतील.

मी माझी सोय करते आहे. सायकल विकली. त्यात एका कॉलेजची फी निघाली. दुसऱ्याची फी सकाळच्या पाळीआधी वॉर्डांत फिरून रक्त घेण्याच्या जादा कामातून निघते आहे. हे काम कोणी घेत नाही, कारण त्या वेळी रोगी नुकतेच झोपेतून उठवलेले असतात आणि सुई दिसली की खवळतात. परवा एका आजोबांनी असा हात झटकला की माझा चष्मा उडून भिंतीवर आदळला. डावी काच तडकली आणि दांडी निखळली. रक्त घेतल्यावर लावायची चिकटपट्टी गुंडाळून तोच चष्मा घालते आहे. रोगी मला बघून विचारतात, "तुम्हाला दिसतं ना नीट?" चष्मेवाल्याची मुलगी आणि डोळ्यावर चिकटपट्टी. घे, तुझ्या भावाला सांग, हसू दे.

राग तुझ्यावर नाही. थोडा आहे.

टिटवी

*

२ ऑगस्ट

टिटवे,

पैसे माझे होते. माझ्या पेन्शनीचे, दर महिन्याला चहाच्या डब्यात टाकलेले. कानाच्या मशीनसाठीच साठवले होते आणि तेच तू मला ऐकवलंस. "विचारू नकोस" म्हटलं, कारण तुला कळलं असतं तर तू मशीनचं निमित्त करून परत केले असतेस. तू न कळताही तेच केलंस. बापाला नावं ठेवतेस, पण ताठा बघ, तोच साचा.

मलाही राग येतो, हे तुझ्या ध्यानात असू दे. काल बाजारात गेले आणि मशीन घेऊन आले. पैसे संपले. आता पश्चात्ताप झाला तरी माझ्याकडे काही नाही. मशीन लावलं की भांडी फार मोठ्याने वाजतात आणि फोन कानाला लावला की शिट्टी येते, तेव्हा पत्रंच लिहीत जा.

चष्म्याचं तुझ्या बापाला सांगितलं. तो हसला नाही. "नंबर काय विचारू?" म्हटलं, तर म्हणाला, "विचारायचंय काय, तिचा नंबर मला माहीत आहे. बुबुळांमधलं अंतर एकसष्ट. डावा कान उजव्यापेक्षा किंचित वर आहे, म्हणून दांडी वाकवून द्यावी लागते." हे तो कुठेही न बघता बोलला. चष्मा पार्सलने येईल. तो परत पाठवलास, तर मी स्वतः तिथे येऊन तुझ्या नाकावर ठेवीन.

तुझी आत्या

*

१९ ऑगस्ट

आत्या,

चष्मा मिळाला. छान बसला आहे. डाव्या कानावर कुठेही टोचत नाही. आता त्याच चष्म्यातून जे वाचलं ते तुला लिहिते.

तुला आठवत असेल, शाळा सुटली की मी दुकानात बसून कामाच्या चिठ्ठ्यांच्या घड्या घालायचे. बाबांचा नियम होता, चष्मा डबीत गेला की पुसायच्या कापडाखाली कामाची चिठ्ठी गेलीच पाहिजे. नंबर, काच, फ्रेम, कोणी केला, बिल कोणाच्या नावावर. दोन वर्षांनी गिऱ्हाईक परत आलं तर विचारपूस करावी लागू नये म्हणून. तीस वर्षांत त्यांच्या हातून एक डबी चिठ्ठीशिवाय गेली नाही. माझी ही डबीही गेली नाही.

कारागीर, या रकान्यात बाबांची सही आहे. मालक, या रकान्यात दुसऱ्या कोणाची तरी सही आहे. ती मी ओळखली. त्या फ्रेमवाल्याची, जो पूर्वी पेटी घेऊन फ्रेमा विकायला यायचा आणि बाबा ज्याला अर्धा तास उभं ठेवायचे. आणि खाली बिलाच्या जागी लिहिलं आहे: "कर्मचारी सवलत. पगारातून कपात, तीन हप्ते."

मी ते चार वेळा वाचलं. मग रक्त घ्यायच्या खुर्चीत, जिथे रोगी बसतात, तिथे जाऊन बसले.

दुकान त्यांचं नाही. माझा बाप आपल्याच नावाच्या पाटीखाली नोकरी करतो. आणि तुला हे माहीत होतं. अडून बसलेले बाप, अडकलेले बाप. काय पण कोडं घातलंस. मला कोडी नकोत आत्या, मला सही हवी होती. जुलैत ती मिळाली असती तर सातही अर्ज फी न भरता गेले असते. मी सायकल विकली. मी दीड महिना पहाटे उठून शिव्या खाल्ल्या. दोन कॉलेजांची फी भरली, ती आता परत मिळत नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर मुलीने बापाला कंजूस म्हटलेलं चालेल, दुष्ट म्हटलेलं चालेल, पण गरीब म्हणता कामा नये.

गरिबीचा मला राग आला नसता. मी रोज गरीब माणसांच्याच दंडाला पट्टा बांधते. माझ्या छातीवर बिल्ला आहे, त्यावर 'रक्तसंकलन सहायक' असं लिहिलेलं आहे आणि आख्खं हॉस्पिटल ते वाचतं. मी कधी बिल्ला उलटा लावला नाही. त्यांना काय झालं होतं?

खिडकीवरच्या बाईसमोर मी छाती ठोकून सांगितलं होतं की ते देत नाहीत. मला तिच्यासमोर खोटं पाडलं त्यांनी.

हे पत्र त्यांना दाखव. शपथ घातली असेल, तर शपथ माझ्या खात्यावर टाक.

टिटवी

*

२५ ऑगस्ट

टिटवे,

दाखवलं. आता शपथेचं ओझं उतरलं, तेव्हा सगळं सांगते.

तू गेलीस त्याच वर्षी समोर ते काचेचं मोठं दुकान झालं. तिथे अर्ध्या तासात चष्मा मिळतो. तुझ्या बापाने हट्टाने काचा कापायचं मशीन कर्जाने घेतलं. मशीन चांगलं होतं, गिऱ्हाईक नव्हतं. वर्षभरात हप्ते थकले आणि दुकान फ्रेमवाल्याने घेतलं. पाटीसकट घेतलं, कारण लोक पाटी बघून येतात. कारागीरही ठेवून घेतला, कारण लोक हातही ओळखतात. फ्रेमवाला वाईट माणूस नाही. मागच्या वर्षी तू दोन दिवस आली होतीस ना, तेव्हा तुझा बाप गल्ल्यावर बसला होता. ती खुर्ची फ्रेमवाल्याने दोन दिवसांसाठी त्याला दिली होती आणि स्वतः कामाचं निमित्त काढून बाहेर राहिला होता. तू बाबांना म्हणालीस, "धंदा बरा दिसतो." तो रात्री जेवला नाही.

मी चुकले. पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. मला वाटलं, त्याची इज्जतही राहील आणि माझ्या पैशांनी तुझंही भागेल. दोन्ही डगरींवर पाय ठेवला आणि मधे पडले. तुझा राग माझ्यावर थोडा आहे म्हणालीस, आता थोडा राहिला नसेल, तो मला मान्य आहे.

तुझं पत्र त्याने दुकानातल्या भिंगाखाली वाचलं. मग फॉर्म मागितला. आतल्या खोलीत बसून भरला, सही केली, पाकीट स्वतः बंद केलं. मला बघू दिलं नाही. म्हटलं, राहू दे, आधीच बिचाऱ्याचं सगळं झाकलेलं उघडं पडलं आहे. ते पाकीट सोबत आहे. लगेच खिडकीवर नेऊन दे.

आत्या

*

८ सप्टेंबर

आत्या,

तू ते पाकीट उघडायला हवं होतंस. पस्तीस वर्षं दाखले लिहिलेस आणि एक फॉर्म न बघता पाठवलास.

मी अर्ध्या दिवसाची रजा काढून रांगेत उभी राहिले. खिडकीवरच्या बाईने फॉर्म वाचला, मग माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या कारकुनाला दाखवला. तो हसला. उत्पन्न या रकान्यात बाबांनी खरा पगार लिहिला आहे. मला माहीत नव्हतं की तो इतका कमी आहे. त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही, लिहिलं तर माझा राग पातळ होईल आणि मला तो घट्ट हवा आहे. पण त्याच्या वरच्या ओळीत, व्यवसाय या रकान्यात, सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे: "दुकानमालक". त्यामुळे नोकरी देणाऱ्याचा शिक्काही नाही.

बाई म्हणाली, "एवढ्या उत्पन्नाचा दुकानमालक असेल तर दुकानाची कागदपत्रं आणा. नोकर असेल तर मालकाचा शिक्का आणा. दोन्ही नसेल तर वेळ घालवू नका." आणि फॉर्म परत केला. माझ्या मागे चाळीस माणसं होती.

एक शब्द. त्यांच्याने एक शब्द लिहवला नाही.

मोठ्या हॉस्पिटलची मुदत पंधराला संपते. नवीन फॉर्म पत्राने येऊन जायला तेवढे दिवस नाहीत. डॉक्टरबाईंकडे उचल मागितली, त्या म्हणाल्या पगाराच्या आधी कॅशियर देत नाही, आणि त्यांनी स्वतःच्या पर्सकडे बघितलं, आणि मीच नको म्हणाले. हो, मी नको म्हणाले. तुझे पैसेही मीच परत पाठवले होते. बरोबर तेवढेच होते. हे मी रोज पंचवीस वेळा आठवते, प्रत्येक सुईला एकदा. तोच साचा म्हणालीस ना, तो मला आता आरशातही दिसतो.

त्यांना सांग, तीस तारखेच्या आत खरं लिहून पाठवायचं असेल तर पाठवा. नसेल तर यापुढे चष्मा मी समोरच्या काचेच्या दुकानातून घेईन.

टिटवी

*

१७ सप्टेंबर

टिटवे,

हे पत्र तुझ्या आत्याचं नाही. मला पत्र लिहायची सवय नाही, चिठ्ठ्या लिहायची आहे. तेव्हा थोडक्यात लिहितो.

तुझं पत्र बाराला मिळालं. पंधराच्या आत काही पोहोचणार नव्हतं हे मला कॅलेंडर बघून कळलं. ते कॉलेज माझ्यामुळे गेलं. त्यावर मला काही बोलायचं नाही, कारण बोलण्यासारखं नाही.

मालक असं मी खोटं बोलायला लिहिलं नव्हतं. लिहिताना हाताने तेच लिहिलं. एकतीस वर्षं तेच लिहीत आलो. पाकीट बंद केल्यावर ध्यानात आलं होतं. उघडलं नाही. ही चूक पहिल्या चुकीपेक्षा मोठी आहे, आणि ही मी तुझ्या आत्यालाही सांगितलेली नाही.

मला तुझा राग आला होता. बापाची झडती घेणारी मुलगी कोणाला आवडते? दोन दिवस मी काचा घासत होतो आणि मनातल्या मनात तुला उत्तरं देत होतो. एकही उत्तर टिकेना. तुला मी पायावर उभी राहा म्हणालो, आणि ज्या पायरीवर तू उभी होतीस तीच काढून घेतली.

काल सकाळी नवा फॉर्म भरला. शिक्का मागायला मालक एकटा असताना जाता आलं असतं. तो रोज दुपारी एकटाच असतो. मी तसं केलं नाही. तुझ्या बिल्ल्याचं वाचलं होतं. सकाळी गर्दीत, ती बँकेतली बाई काउंटरवर उभी असताना गेलो. तिच्या तिन्ही मुलांचे पहिले चष्मे मी केले आहेत आणि ती अजून मलाच शेट म्हणते. तिच्यासमोर मी म्हणालो, "मालक, मी तुमच्याकडे नोकरीला आहे असा शिक्का या कागदावर हवा आहे. मुलीच्या डॉक्टरकीच्या अर्जाला लागतो." बाईच्या हातातला चष्मा तसाच राहिला. मालकाने शिक्का शोधायला उगाच वेळ लावला, बहुधा माझ्याकडे बघायला नको म्हणून. मग मारला. मी कामाला परत बसलो. बाईने पैसे त्याला दिले आणि काचा बसवून घ्यायला माझ्याकडेच आली. म्हणाली, "मुलगी डॉक्टर होणार?" मी म्हटलं, "अर्ज करते आहे."

जमीन दुभंगली वगैरे काही नाही. दोन वर्षं मी उगाच तिच्यावर जपून पाय टाकत होतो.

व्यवसाय: नोकर, चष्म्याचं दुकान. आत्याने वाचून बघितलं आहे, दोनदा. पाकीटही तिनेच बंद केलं.

मी चुकलो. हे एकदा लिहायचं होतं, लिहिलं.

बाबा

*

१ ऑक्टोबर

बाबा,

फॉर्म मंजूर झाला. चार कॉलेजांचे अर्ज फी न भरता गेले. दोनांचे आधीच गेले होते, सायकलीवर आणि शिव्यांवर. एकूण सहा. सातवं, ज्याच्या तळघरात मी हे पत्र लिहिते आहे, त्याचं तुम्हाला माहीत आहे. सोळा तारखेला सकाळी मी नेहमीसारखी कामाला आले, तर बाहेरच्या फलकावरून अर्जांची सूचना काढत होते. टाचण्या खाली पडल्या त्या मीच वेचून दिल्या.

मी माफ केलं असं समजू नका. तुम्ही गर्दीत शिक्का मागितलात ते वाचून मला रडू आलं, आणि रडू आल्याचा पुन्हा राग आला, कारण तेच तुम्ही जुलैत केलं असतं तर मला रडायचं काही कारण नव्हतं. हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिली दोन फार सौम्य झाली होती.

आत्याचे पैसे मी परत केले होते, ती माझी चूक. सातवं गेलं त्यातली चूक मात्र निम्मी तुमची आणि निम्मी माझी. ही वाटणी मी पुष्कळ विचार करून केली आहे, यात घासाघीस चालणार नाही.

आता एक ऐका. शेवटच्या अर्जात एक पान मला स्वतः भरायचं होतं. त्यात पुन्हा विचारलं होतं, वडिलांचा व्यवसाय काय. मी थांबले. तुमचा पहिला शब्द मला लिहायचा नव्हता, आणि दुसरा मी तुमच्याकडून जोर करून लिहून घेतला होता. मी लिहिलं, "चष्मे करतात." खिडकीवरच्या बाईने वाचलं. तिच्या चष्म्याची एक दांडी कानाला टोचते, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. तिने काही विचारलं नाही, शिक्का मारला.

माझ्या चष्म्याचा डाव्या बाजूचा स्क्रू सैल होतो आहे. पार्सलने पाठवणार नाही. मुलाखतींच्या आधी मला चार दिवस सुटी आहे, तेव्हा घेऊन येते. घरी नंतर जाऊ. आधी दुकानात येईन, भर सकाळी, गर्दी असताना. गल्ल्यावर तुम्ही बसायचं नाही. मागच्या वर्षीची ती खुर्ची कोणाकडूनही मागून आणायची नाही. मागे तुमच्या टेबलाशी, दिव्याखाली बसा, मी तिथे स्टूल घेऊन समोर बसेन. तुम्ही स्क्रू बसवा, आणि तोवर मला जे बोलायचं आहे ते मी बोलेन. पुष्कळ आहे.

चिठ्ठी करायला विसरू नका. बिल माझ्या नावावर.

टिटवी